सुईचं वजन

रेकॉर्ड वाजली की झिजते. मोबाइलवरचं गाणं हजार वेळा ऐका, फाइलला काही होत नाही. रेकॉर्डवर मात्र खाचेतून सुई फिरते, खाचेच्या भिंतींवर भार टाकते आणि प्रत्येक वेळी भिंतीचा कणभर भाग सोबत घेऊन जाते. किती घेऊन जाणार, हे मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतं: सुईचा आकार आणि सुईवरचं वजन. आणि या दोन्ही गोष्टी शेवटी खिशावर ठरतात.

मी हे सगळं शिकले ते गरजेपोटी. सोलापुरात पूर्व भागात आमचं जुनं घर आहे. तिथे एका पत्र्याच्या पेटीत साठ-सत्तर रेकॉर्ड्स आहेत. आजोबा गिरणीत साचेखात्यात जॉबर होते. दिवाळीचा बोनस हातात आला की घरात आधी कपडे, मग भांडी आणि उरलंच तर एखादी रेकॉर्ड यायची. काही त्यांनी नव्या घेतल्या, बऱ्याच जुन्या बाजारातून आणल्या. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, देणी अडकली, तेव्हा घरातला प्लेयर विकला गेला. रेकॉर्ड्स राहिल्या, कारण तेव्हा त्यांना कुणी गिऱ्हाईक नव्हतं.

तीनेक वर्षांपूर्वी भावाने वाढदिवसाला सुटकेससारखा उघडणारा एक प्लेयर दिला. दिसायला गोड. मी त्यावर बाजारातून आणलेल्या दोन एलपी ऐकल्या, पण पेटीला हात लावण्याआधी एका ओळखीच्या सराफाकडून छोटा डिजिटल काटा आणला आणि सुई त्यावर टेकवली. आकडा आला साडेपाच ग्रॅम. आजच्या हिशेबात अर्ध्या तोळ्याहून जास्त. हातावर ठेवलं तर जाणवणारही नाही इतकं. पण हे वजन केसाहून बारीक टोकातून प्लास्टिकच्या खाचेवर पडतं. पेटी बंदच ठेवली आणि बरा प्लेयर शोधायचं ठरवलं. बजेट होतं सगळं मिळून पंचवीस हजार.

शोधता शोधता लक्षात आलं, की आपल्याकडच्या रेकॉर्डचा इतिहास सुईच्या वजनावरून सांगता येईल. शंभरेक ग्रॅम, मग पाच, मग दोन.

शंभर ग्रॅम

एडिसनने १८७७ मध्ये फोनोग्राफ बनवला. योगायोग असा, की त्याच वर्षी सोलापुरात सोलापूर स्पिनिंग अँड विव्हिंग मिल सुरू झाली. पुढे तिला सगळे ‘जुनी मिल’ म्हणू लागले. एडिसनचं यंत्र नळकांड्यावर चालायचं. चपटी, गोल तबकडी आणली एमिल बर्लिनरने, १८८७ मध्ये. तबकडीचा फायदा असा, की एक साचा केला की त्यावरून हजारो नकला ठोकता येतात. गाणं विकत घेण्याची वस्तू झालं ते या साच्यामुळे.

भारतात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गायसबर्ग १९०२ च्या अखेरीस कलकत्त्यात आला आणि त्याने गौहर जानसह अनेकांचं ध्वनिमुद्रण केलं. मुद्रण इथे, पण छपाई जर्मनीत, हॅनोव्हरला. मेणाच्या मूळ तबकड्या जहाजाने जायच्या आणि तयार रेकॉर्ड्स परत यायच्या. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघाला आणि मग ती फेरी थांबली. विसाव्या दशकाच्या अखेरीस डमडमचा मोठा कारखाना उभा राहिला. आपल्या आजी-आजोबांच्या पेट्यांतल्या बहुतेक एचएमव्ही रेकॉर्ड्स तिथल्याच.

या रेकॉर्ड्स लाखेच्या. लाख म्हणजे आपल्याच जंगलांतल्या झाडांवर किडा जी राळ सोडतो ती. सुतार स्पिरिटमध्ये चपडा विरघळवून लाकडाला पॉलिश करतात, तीच. दुसऱ्या महायुद्धात जपानमुळे समुद्रमार्ग अडले आणि भारतातून जाणारी लाख तुटली, तेव्हा १९४२ मध्ये अमेरिकन सरकारने रेकॉर्ड कंपन्यांच्या लाखेच्या वापरावर कडक मर्यादा घातली. नव्या रेकॉर्ड्ससाठी लोकांकडून जुन्या, फुटक्या रेकॉर्ड्स गोळा केल्या गेल्या. न्यूयॉर्कमधल्या जॅझचं गणित छोटा नागपूरच्या झाडांवर अवलंबून होतं, ही गोष्ट मला फार आवडते.

नुसत्या लाखेने भागत नाही. तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असायची आणि त्यात एक युक्ती होती. चावीच्या ग्रामोफोनला वीज नव्हती, ॲम्प्लिफायर नव्हता. कर्ण्यातून येणारा सगळा आवाज सुईच्या हालचालीतूनच निर्माण व्हायचा, म्हणून सुईवर जड साउंडबॉक्स बसवावा लागे. खाचेवर शंभर ग्रॅमहून जास्त भार. एवढ्या भाराखाली पोलादी सुई आणि रेकॉर्ड यांच्यात एकाला झिजावंच लागणार. म्हणून रेकॉर्डच खरबरीत केली. पहिल्या काही फेऱ्यांतच ती सुईला घासून खाचेच्या मापाची करून घेई. झीज सुईने सोसायची, अशी ती रचना होती. त्यासाठी नियम एकच: दर बाजूला नवी सुई. पत्र्याच्या इवल्याशा डबीत दोनशे सुया मिळायच्या.

आता गिरणीतल्या पगारात दर तीन मिनिटांना एक सुई टाकून देणं कुणाला परवडणार? जिथे पैसा मोजून खर्च व्हायचा, तिथे एकच सुई दहा-दहा बाजूंना चालवली जायची. झिजलेल्या सुईच्या कडा छिन्नीसारख्या होतात. मग ती खाच कुरतडते. जुन्या बाजारात मिळणाऱ्या रेकॉर्ड्सवर काळ्याऐवजी करडी, पांढुरकी झाक दिसते ना, ती याची.

आणि तरीही त्या ऐकल्या गेल्या, हेच महत्त्वाचं. ग्रामोफोन घरी नसलेल्या माणसांनी त्या जास्त ऐकल्या: हॉटेलात, दुकानाच्या पायरीवर, जत्रेत. भीमसेन जोशींची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. गदगमधल्या त्या मुलाने दुकानात वाजणारी अब्दुल करीम खाँची रेकॉर्ड ऐकली आणि गाणं शिकायला घर सोडलं. अब्दुल करीम खाँ मिरजेचे झाले होते, म्हणजे आमच्या रेल्वेच्या वाटेवरचे. त्यांनी ओडिअनसाठी तीसच्या दशकात जे गायलं, ते तीन-सव्वातीन मिनिटांत बसवलेलं. दहा इंची तबकडीवर ७८ च्या गतीने तेवढंच मावतं. मैफलीत तासभर चालणारा राग कुठे सुरू करायचा, काय गाळायचं, कुठे आवरायचं, हे यंत्राने ठरवलं. बालगंधर्वांच्या नाट्यपदांचंही तेच. थिएटरात एकाच पदाला वन्समोअरवर वन्समोअर, रेकॉर्डवर मात्र घड्याळ.

स्वस्ताईची शिडी तेव्हाही होती. एचएमव्हीवाल्यांनी ‘ट्विन’ नावाचं कमी किमतीचं लेबल काढलं होतं. मुंबईत नॅशनल ग्रामोफोन कंपनीचं ‘यंग इंडिया’ होतं, त्यावर कितीतरी कमी माहितीतले गायक सापडतात. आमच्या पेटीत या दोन्हींचे नमुने आहेत. आजोबांचं बजेट त्यात दिसतं.

पाच ग्रॅम

१९४८ मध्ये अमेरिकेत कोलंबियाने एलपी आणली. व्हिनाइल नावाचं मऊ, गुळगुळीत प्लास्टिक, मिनिटाला ३३⅓ फेऱ्या, बाजूला वीसेक मिनिटं. खाच एकदम बारीक झाली. ७८ च्या सुईचं टोक साधारण ७५ मायक्रॉनचं, एलपीचं २५ आणि स्टिरिओ आल्यावर १८ च्या आसपास. या प्लास्टिकला जुना साउंडबॉक्स लावला तर पहिल्याच फेरीत नांगरट होईल. सुई हलकी होणं भागच होतं आणि विजेच्या ॲम्प्लिफायरमुळे ते शक्यही झालं.

आपल्याकडे एलपी पन्नासच्या दशकाच्या शेवटी आल्या. पण जुनं लगेच गेलं नाही. युरोप-अमेरिकेत ७८ बंद पडल्यावरही डमडममधून साठच्या दशकात त्या निघत राहिल्या. बीटल्सची गाणीसुद्धा भारतात ७८ वर छापली गेली आणि आज जगभरचे संग्राहक ती शोधत फिरतात. कारण साधं होतं: गावागावांत वीज नव्हती आणि चावीची यंत्रं अजून चालत होती.

मग आले सुटसुटीत रेकॉर्ड प्लेयर. एचएमव्हीचा फिएस्टा तुमच्यापैकी कुणाच्या तरी माळ्यावर असेलच: रंगीत पेटी, झाकणातच स्पीकर. अशा प्लेयरमध्ये स्वस्त क्रिस्टल किंवा सिरॅमिक कार्ट्रिज असे आणि सुईला एक खटका. इकडे केला की एलपी, उलटा केला की ७८. वजन पाच ग्रॅमच्या आसपास किंवा वर. मध्यमवर्गाच्या घरात भावगीतं, नाट्यगीतं, पु.लं.चं कथाकथन पोचलं ते या यंत्रांमुळे. म्हणून त्यांना नावं ठेवणं मला जमत नाही. परदेशी टर्नटेबलवर जबर आयातशुल्क होतं. आखातात किंवा बोटीवर नातेवाईक असेल तरच घरात जपानी यंत्र यायचं.

दुसरा मोठा वापर मंडपातला. गणपती, आंबेडकर जयंती, लग्न, उरूस. लाऊडस्पीकरवाल्याचा प्लेयर, अहुजाचा ॲम्प्लिफायर, झाडाला बांधलेला भोंगा. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज आमच्या गल्ल्यांत आधी या भोंग्यांतून घुमला, घरातल्या स्पीकरमधून नंतर. मंडपात सुई हलून चालत नाही, म्हणून वजन वाढवलेलं असायचं. काही जण तर त्यावर नाणं चिकटवायचे. त्यामुळे जुनी एलपी घेताना एक गोष्ट नक्की करा. ती उजेडात तिरकी धरा. चकाकी सगळीकडे सारखी असेल तर घरातली. खाचा करड्या, भुरकट दिसत असतील तर मंडपातली. मंडपातली घ्यायची तर प्रेमाने घ्या, चांगल्या आवाजाच्या आशेने नको.

ऐंशीच्या दशकात कॅसेट आली आणि नव्वदच्या सुरुवातीला आपल्याकडची रेकॉर्डची छपाई जवळपास संपली. आमच्या घरी तर प्लेयर आणि गिरणी मागेपुढेच गेले.

दोन ग्रॅम

मग हे सगळं परत कसं आलं? अमेरिकेत २०२२ मध्ये रेकॉर्ड्सचे नग सीडींपेक्षा जास्त विकले गेले, १९८७ नंतर पहिल्यांदाच. ती लाट आपल्याकडेही आली आहे. पण बाजारात उतरणाऱ्याला सगळ्यात आधी भेटतो तो सुटकेसवाला प्लेयर आणि त्याच्या पोटात बहुधा तेच जुन्या पठडीचं सिरॅमिक कार्ट्रिज असतं. म्हणजे वेष्टन नवं आणि वजन साठच्या दशकातलं.

पंचवीस हजारांत माझ्यापुढे चार वाटा होत्या.

पहिली, ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६०एक्ससारखं पूर्ण ऑटोमॅटिक यंत्र. बटण दाबा, हात आपोआप उचलला जातो. कमी पैशांत मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज मिळतं, म्हणजे हलकी सुई. फक्त नवीन एलपी ऐकणार असाल तर इथेच थांबा, पैसे वाचवा आणि स्पीकरवर घाला. पण त्यात ७८ ची गती नाही आणि कार्ट्रिज बदलता येत नाही. माझी अर्धी पेटी ७८ ची.

दुसरी, रेगा किंवा प्रो-जेक्टसारखी युरोपियन यंत्रं. साधी, देखणी, आवाजाला उत्तम. पण नवी घ्यायची तर बजेटबाहेर आणि रेगाच्या प्लॅनर वनवर ७८ नाही.

तिसरी, जुनं जपानी यंत्र. मात्सुशिताने १९७० मध्ये टेक्निक्स एसपी-१० काढलं, त्यात पट्टा नाही, मोटरवरच थाळी. १९७२ मध्ये एसएल-१२०० आलं आणि ते पुढे डीजेंचं दैवत झालं. अशी यंत्रं अजूनही मिळतात. पण विकणारा ‘जपानहून थेट’ म्हणाला तर मागे वळवून पाटी वाचा. जपानची वीज १०० व्होल्ट, आपली २३०. ट्रान्सफॉर्मरशिवाय लावलं तर एका क्षणात खेळ संपेल. पट्ट्याच्या जुन्या यंत्रांत ५० आणि ६० हर्ट्झचाही घोळ असतो, गती चुकते.

चौथी वाट मी घेतली: सेकंडहँड ऑडिओ-टेक्निका एलपी-१२०एक्स. डायरेक्ट ड्राइव्ह, ३३, ४५ आणि ७८ तिन्ही गती, मागे हलवता येणारं वजन आणि गती थोडी कमी-जास्त करायची सरकपट्टी. फोनो प्रीॲम्प आतच आहे. तो का लागतो, हे थोडक्यात सांगते. रेकॉर्ड कापताना खालचे सूर मुद्दाम दाबतात, नाहीतर खाचा रुंद होऊन बाजूला पाचच मिनिटं मावतील, आणि वरचे सूर चढवतात, म्हणजे खरखर झाकली जाते. वाजवताना हे उलटं करावं लागतं, ते काम प्रीॲम्पचं. १९५४ च्या सुमारास याचं एक प्रमाण ठरलं. त्याआधी प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं होतं, म्हणून ७८ वाजवताना आवाज थोडा कानानेच लावून घ्यावा लागतो.

निर्णय पक्का झाला तो सुईमुळे. या यंत्रासोबत व्हीएम९५ई कार्ट्रिज येतं. त्याची एलपीची सुई ओढून काढायची आणि त्याच जागी ७८ ची जाड सुई बसवायची. एलपीला दोन ग्रॅम, ७८ ला पाच. हो, ७८ ला पाचच. जाड खाचेत जाड टोक बसतं, भार पसरतो आणि लाख व्हिनाइलपेक्षा कठीण असते. म्हणजे नुसतं वजन वाईट नसतं, चुकीच्या खाचेवर पडलेलं वजन वाईट. एलपीची बारीक सुई ७८ च्या खाचेत सोडली तर ती तळाशी लोळते, कचरा ढवळते आणि भिंतींवर लिहिलेलं तिला नीट वाचताच येत नाही.

यंत्र पुण्यात मिळालं, सतरा हजारांना. घेताना तीन गोष्टी तपासल्या. थाळीच्या कडेचे ठिपके लाल दिव्यात स्थिर दिसतात का, म्हणजे गती बरोबर. हात अलगद तरंगतो का, बेअरिंग अडत नाही ना. आणि सुईचं टोक घड्याळजीच्या भिंगातून. तरी हिऱ्याची सुई नवीच घ्यायची हे ठरलेलं होतं. या जातीची सुई साधारण तीनशे तास चालते आणि आधीच्या मालकाचे तास मोजायला मीटर नसतं.

हुतात्मा, फरशी आणि सायकलची ट्यूब

हुतात्मा एक्सप्रेसने यंत्र सोलापूरला आणलं. गाडीचं नाव १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चौघांवरून आहे: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा. टर्नटेबल प्रवासात न्यायचं तर थाळी काढून वेगळी गुंडाळायची, मागचं वजन काढायचं, हात बांधायचा आणि सुई काढून खिशात ठेवायची. थाळी मी सोलापुरी टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतली. शेजारच्या काकूंनी कुर्डुवाडीपर्यंत वाट पाहिली आणि मग विचारलं, “बाळ, परात आहे का गं?”

घरी आल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. आमच्या भिंतीला लागून यंत्रमाग आहेत. पूर्व भागात हे नवं नाही. हातमागावरून यंत्रमागावर आलेली पद्मशाली कुटुंबं, टॉवेल आणि चादरींचे कारखाने, दिवसभर खटाखट. आपल्या कानाला ती सवयीची असते, सुईला नाही. सुई खाचेतली मायक्रॉनमधली हालचाल वाचते, जमिनीतून आलेला ठोकाही तितक्याच इमानाने वाचते.

हे तपासायची युक्ती सोपी आहे. थाळी बंद ठेवा, थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा आणि आवाज हळूहळू वाढवा. आमच्याकडे स्पीकरमधून शेजारचा माग ऐकू आला, अगदी लयीत. स्पीकरचे पडदे आतबाहेर होताना डोळ्यांना दिसत होते.

बाजारात यासाठी महागडे पाय आणि स्टँड मिळतात. मी रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका चाचांना विचारलं. ते म्हणाले, “ताई, पयले जड करा, मग मऊवर ठेवा.” यातच सगळं भौतिकशास्त्र आलं. जड वस्तू मऊ आधारावर ठेवली की ती झटपट हालचालींना दाद देत नाही. पंक्चरवाल्याकडून लहान मुलांच्या सायकलची ट्यूब आणली, अर्धवट हवा भरली. तिच्यावर ओट्याच्या कामातून उरलेला कडाप्प्याचा जाड तुकडा, त्यावर यंत्र. मागाच्या भिंतीपासून लांब, समोरच्या कोपऱ्यात, शहाबादी फरशीवर लोखंडी स्टँड घेऊन. मागाचा मूळ संथ ठोका अशाने पूर्ण जात नाही, पण त्यातून उठणारी घरघर पुष्कळ कमी झाली. स्पीकर त्याच स्टँडवर ठेवायचे नाहीत, हेही याच हिशेबात.

मग गवंड्याची लेव्हल-बाटली थाळीवर दोन्ही दिशांनी ठेवून यंत्र समपातळीत आणलं. ट्यूबमुळे हे काम दर महिन्याला करावं लागतं.

आता हात लावायचा. क्रम लक्षात ठेवा. आधी कार्ट्रिज सरळ बसवायचं. त्यासाठी आखणीचा कागद मिळतो, छापून घेता येतो. त्यावरच्या दोन बिंदूंवर सुई टेकवली की कार्ट्रिजच्या कडा रेषांना समांतर दिसल्या पाहिजेत. नसतील तर स्क्रू सैल करून सरकवा. मग मागचं वजन फिरवत हात हवेत तरंगता ठेवा, ना वर ना खाली. तिथे आकड्यांची चकती शून्यावर आणा. मग वजन आणि चकती एकत्र फिरवत दोनवर. शेवटी सराफाचा काटा. माझ्या चकतीवर दोन होतं, काट्यावर २.२. किंचित मागे घेतलं. आणि फिरणारी रेकॉर्ड हाताला आत ओढते, त्याला तोलणारी अँटीस्केटिंगची कळही दोनवर.

अर्धा तास लागतो. नंतर वर्षभर काही करावं लागत नाही.

साफसफाईचं एक सांगते, कारण इथे कायमचं नुकसान होतं. एलपी पाण्याने, पातळ केलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसता येते. ७८ ला स्पिरिट किंवा अल्कोहोल अजिबात नाही. सुतार चपडा कशात विरघळवतो ते आठवा. आणि सोलापूरचा उन्हाळा. पत्र्याखालच्या खोलीत मे महिन्यात एलपी आडव्या रचून ठेवल्या तर त्यांच्या पापड्या होतात. उभ्या ठेवा, आतल्या खोलीत, जमिनीलगत.

बाजूच्या शेवटी

पेटीत एक रेकॉर्ड आहे, तिचं लेबल पूर्ण निघालेलं. एकाच बाजूला खाचा, मागे कोरी. म्हणजे जुनी, फार जुनी. आजोबांनी ती मंगळवार बाजारातून आणली होती एवढंच घरात माहीत. बाईचा आवाज आहे, हे आजीला आठवतं. कोण, हे तिला कधीच कळलं नव्हतं. आजी आता शहाऐंशीची आहे आणि या सगळ्या खटाटोपात तिने एकच मागणी केली होती: “ती बाई कोण ते बघ.”

सुरुवातीच्या भारतीय रेकॉर्ड्सची एक खूण आहे. गाणं संपलं की गायिका स्वतःचं नाव सांगते. गौहर जानचं इंग्रजीतलं नाव सांगणं प्रसिद्धच आहे. हे हॅनोव्हरच्या कामगारांसाठी होतं असं सांगतात. गाणं कुणाचं हे त्यांना कळणार नव्हतं, म्हणून तबकडीवरच ओळख. ज्या बायकांची नावं तेव्हाच्या घरंदाज समाजात मोठ्याने घेतली जात नसत, त्यांनी यंत्रापुढे ती ठणकावून सांगितली आणि ती हजारो घरांत गेली.

आठ वाजता माग थांबले. ७८ ची सुई बसवली, पाच ग्रॅम लावले. गती आधी चुकीची वाटली. त्या काळी सगळ्या रेकॉर्ड्स नेमक्या ७८ वर कापलेल्या नसत. गती सहा टक्क्यांनी बदलली की सूर अर्ध्या पट्टीने सरकतो. सरकपट्टी हलवत आवाज बाईमाणसाचा, मोकळा वाटेपर्यंत आणला. आजी म्हणाली, “आता बरोबर.” काळी चार आणि पाचच्या मधे कुठेतरी.

भैरवी होती. खरखरीच्या मागून, पण स्पष्ट. तान घेताना श्वास कुठे तोडला हेसुद्धा कळत होतं. आजी मांडीवर बोटाने ताल धरून बसली होती. शेवटची सम आली, हार्मोनिअम थांबलं, आणि बाई बोलली. पहिलं अक्षर ऐकू आलं, मग खस्स, मग ‘बाई’, मग पुन्हा खस्स.

चार वेळा ऐकायचा मोह झाला. दोनदाच ऐकलं.

नाव का गेलं, याचं उत्तर वर सांगितलेल्या इतिहासातच आहे. पोलादी सुई बाजूच्या सुरुवातीला धारदार असते आणि शेवटाला येईपर्यंत ती झिजून तिच्या कडा तयार झालेल्या असतात. शिवाय मध्याकडे खाचेचा घेर लहान होतो, सुईखालून एका सेकंदात कमी लांबी जाते आणि तेवढ्याच आवाजाची वळणं जास्त दाट होतात. म्हणजे बोथट सुई आणि दाट अक्षर यांची गाठ बाजूच्या शेवटी पडते. नेमकी तिथेच गायिकेने आपलं नाव ठेवलेलं. गाणं टिकतं, नाव झिजतं. प्रत्येक वेळी एक नवी सुई लावली असती तर कदाचित राहिलं असतं. पण डबीतल्या दोनशे सुया पुरवून वापरणाऱ्या घराला त्याबद्दल बोल लावायचा हक्क मला नाही. त्यांनी पुरवल्या म्हणून तर ती इतक्या वेळा ऐकली गेली.

अजून दोन दोर हातात आहेत. लेबल गेलं तरी खाचा संपतात त्याच्या पुढच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेले क्रमांक असतात. ते तिरक्या उजेडात वाचून उतरवले आहेत. मुंबईत १९९० पासून सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स आहे, सुरेश चांदवणकरांसारख्या माणसांनी तिच्यामार्फत अशा क्रमांकांच्या नोंदी गोळा करण्यात आयुष्यं घातली आहेत. क्रमांक नाव सांगू शकतो. दुसरा दोर सुईचा. जुन्या सुयांनी खाचेची भिंत एका विशिष्ट उंचीवर खाल्लेली असते. थोड्या वेगळ्या मापाची सुई त्याच खाचेत थोडी वर किंवा खाली टेकते, जिथे भिंत अजून शाबूत असू शकते. अशा सुया बनवून मिळतात, महाग असतात.

पंचवीस हजारांतले साडेचार उरले आहेत. तेवढ्यात ती सुई येत नाही, म्हणून दर महिन्याला थोडे बाजूला टाकते आहे. तोपर्यंत ती रेकॉर्ड कागदाच्या नव्या पाकिटात उभी ठेवली आहे आणि पाकिटावर पेन्सिलीने तिच्या नावाचं ऐकू आलेलं पहिलं अक्षर लिहिलं आहे: ‘ता’. पुढे जागा कोरी सोडली आहे.